वन्सं, पन्हाळा आणि स्कूटरवर मागे बसलेली मी

यंदा सव्वीस जानेवारी सोमवारी आली आणि तीन दिवस सुट्टी जोडून मिळाली. नवऱ्याला ऑफिसच्या कामासाठी हैदराबादला जायचं होतं, लेक मैत्रिणींबरोबर ट्रेकला निघाली होती. मी तीन दिवस झोपून काढायचं ठरवत होते, तेवढ्यात वन्संचा फोन आला.

वन्सं म्हणजे माझी मोठी नणंद, सुनंदाताई. वय अठ्ठावन्न, गेल्याच महिन्यात सरकारी नोकरीतून निवृत्त. लग्न त्यांनी केलं नाही. बावीस वर्षांत आमचं बोलणं झालं ते सणावारी, हळदीकुंकवाला, नाहीतर कुणी दवाखान्यात असलं तर. भांडण कधीच नव्हतं, मैत्रीही नव्हती.

"मीनल, कोल्हापूरला येतेस? तिघी-चौघींना विचारलं, कुणाला जमत नाहीये."

इतकं खरं निमंत्रण मला आयुष्यात मिळालं नव्हतं. हो म्हणून टाकलं. नंतर अर्धा तास विचार करत बसले, की तीन दिवस आम्ही दोघी बोलणार काय?

शनिवार

पुण्याहून सकाळी सहाची एसटी. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे खिडकीत बसल्या बसल्याच श्रीमंत झाल्यासारखं वाटतं. हायवेचं काम ठिकठिकाणी चालू आहे, तेव्हा पाच तासांचे सहा-साडेसहा धरून चला आणि पाणी बरोबर ठेवा. वन्संनी स्टीलच्या डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या आणल्या होत्या. साताऱ्यापर्यंत आम्ही हवेवर बोललो, कराडपर्यंत पुऱ्यांवर. पुढे दोघी झोपलो.

जोडून सुट्टी असली की देवळाजवळच्या लॉजवर आयत्या वेळी खोली मिळत नाही. वन्संनी पंधरा दिवस आधी शाहूपुरीत घेऊन ठेवली होती. मालकांनी रजिस्टर पुढे सरकवलं आणि खणखणीत आवाजात विचारलं, "कुठनं आलाय पावणं?"

"पुण्याहून."

"मग जेवला नसशीला. आधी जेवून या, सही काय पळून जात न्हाई."

या शहराशी माझं जमणार, हे तिथेच ठरलं.

वन्संचा शनिवार असतो, म्हणून त्यांनी अख्खा मसूर आणि भाकरी घेतली. मी मटणाचं ताट घेतलं. तांबडा रस्सा डोळ्यांतून पाणी काढतो आणि पांढरा रस्सा लगेच ते पुसतो. पांढरा वाटीला तोंड लावून प्यायचा असतो, चमचा मागितलात तर वाढपी तुमच्याकडे दयेने बघतो. चार वाट्या प्यायले. वन्सं गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या, "उद्या रविवार आहे ना गं? मी बदला घेणार आहे." आणि मला ठसका लागला. या बाईंना विनोद करता येतो हे मला बावीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

अंबाबाईच्या दर्शनाला मोठी रांग दोन-अडीच तासांची होती. मुखदर्शनाची रांग वेगळी असते, ती पाऊण तासात संपली. नंतर चप्पल लाइनीत गेलो. तिथे वन्संनी सतरा जोड पायात घालून बघितले आणि दुकानदाराने सतराही वेळा "ह्योच तुमचा!" असं छातीठोक सांगितलं. शेवटी पहिलाच जोड घेतला. संध्याकाळी गंगावेशीत समोर म्हैस पिळून फेसाळ दुधाचा ग्लास हातात देतात, तो प्यायलो. वन्संना दुधाची मिशी आली. मी फोटो काढला आणि त्यांनी तो पुसून टाकायला सांगितलं नाही.

रविवार

सकाळी मिसळ खाल्ली, तिथल्या पद्धतीप्रमाणे ब्रेडबरोबर. मग पन्हाळ्याला जायला रिक्षा ठरवायची, असं मी समजून चालले होते. वन्सं मला एका गल्लीत घेऊन गेल्या. तिथे भाड्याच्या स्कूटर ओळीने लावलेल्या.

"चालवणार कोण?" मी विचारलं. मला सायकलसुद्धा येत नाही.

त्यांनी पर्समधून प्लास्टिकच्या पाकिटातलं लायसन्स काढलं. कोरं करकरीत.

"वन्सं! हे कधी?"

"दिवाळीनंतर. तिसऱ्या खेपेला पास झाले. अजयला सांगू नकोस."

अजय म्हणजे माझा नवरा. ताईला दुचाकी झेपायची नाही, हे मत त्याने कुणी न विचारता अनेकदा दिलेलं आहे.

"आजवर कुठे चालवलीत?"

"सोसायटीत. आणि एकदा पोस्टापर्यंत."

मी रस्त्यावरच्या रिक्षांकडे एकदा आशेने बघितलं. पण त्यांचा चेहरा असा होता, की मी निमूट हेल्मेट घातलं. (माहितीसाठी: एका दिवसाचं भाडं साधारण पाचशे, मूळ लायसन्स बरोबर हवं, आणि दोन्ही हेल्मेटं मागून घ्या.)

पन्हाळा कोल्हापूरपासून वीसेक किलोमीटर. आम्ही ताशी पंचवीसने निघालो. ऊसतोडीचे दिवस, त्यामुळे पुढे उसाने ओसंडणारे ट्रॅक्टर, मागे गाणी लावलेले ट्रॅक्टर आणि मध्ये आम्ही. एका ट्रॅक्टरवाल्याने वाकून विचारलं, "मावशी, पेट्रोल संपलंय काय?" मी इतकी हसले, की गाडी डुलली. वन्सं ओरडल्या, "हसायचं असेल तर सरळ बसून हस!"

या गडबडीत उजवीकडचा पन्हाळ्याचा फाटा मागे राहिला. मोबाइलवर नकाशा बघायचं काम माझ्याकडे होतं आणि माझे दोन्ही हात वन्संच्या खांद्यांवर होते. चारेक किलोमीटर पुढे गेल्यावर हवेत गोड, दाट वास आला. रस्त्याकडेला गुऱ्हाळ होतं. भल्यामोठ्या काहिलीत रस उकळत होता आणि सगळीकडे वाफच वाफ. विचारायला थांबलो.

साठीच्या आसपासच्या एक बाई कंबरेला पदर खोचून बाहेर आल्या. सगळे त्यांना आक्का म्हणत होते.

"पन्हाळा? त्यो म्हागं ऱ्हायला की वो! आसंच गेलासा तर रत्नागिरीला जाशीला." मग आमच्या चेहऱ्यांकडे बघून म्हणाल्या, "या, आत या. गरम गूळ खावा आदी."

पळसाच्या पानावर ऊन ऊन गूळ, त्यात शेंगदाणे. बोटं भाजत होती आणि आम्ही थांबत नव्हतो. आक्कांची लेक पन्हाळ्यावर झुणका-भाकरीची गाडी चालवते. दर रविवारी आक्का तिला घरचं दही पोचवतात, आणि ते नेतात स्वतःच्या स्कूटरवरून.

"मी आत्ता तिकडंच निघालो हाय. माझ्या म्हागनं या," त्या म्हणाल्या. इकडच्या बायका स्वतःबद्दल बोलताना 'निघालो', 'आलो', 'खातो' म्हणतात. वन्सं तो शब्द ऐकून एकदम खूश झाल्या.

तर नऊवारीतल्या आक्का पुढे, पायाशी दह्याचा डबा, आणि मागे आम्ही. फाट्यापर्यंत सगळं सुरळीत झालं. मग घाट सुरू झाला.

दुसऱ्या वळणावर मागून एका मोठ्या गाडीने कर्कश हॉर्न मारला. वन्संचा हात ढिला पडला, स्कूटर थबकली आणि हातभर मागे सरकली. मी खाली उडी मारली. गाडी आमच्या बाजूने घुसून निघून गेली. वन्सं दोन्ही ब्रेक दाबून तशाच उभ्या.

"नाही होणार गं माझ्याने. अजय बरोबर म्हणतो."

मला चालवता येत नव्हती, ढकलून वर नेता येत नव्हती, आणि 'जाऊ दे' म्हणायची तर अजिबात इच्छा नव्हती.

आक्का पुढे गाडी लावून चालत खाली आल्या.

"काय झालं? हारनला भ्यालासा? आवं, हारन वाजवनाऱ्याला घाई आसती, आपल्याला न्हाई. त्यो जाईल न्हाईतर थांबंल. माझ्या डब्यात दही हाय, सांडलं तर लेक बोलंल. म्हनून मी कुनासाठी बाजूला उडी मारत न्हाई." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "वैनी, तुमी चालत या. मोकळी गाडी सरळ जातीया. आन् ताई, तुमी खाली बगायचं न्हाई. माझ्या पाठीकडं बगायचं."

वन्संनी एकदा माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्यांनी हँडल पिळलं, स्कूटर हळूच पुढे सरकली आणि आक्कांच्या हिरव्या लुगड्यामागून वळणाआड गेली.

मी एकटी त्या रस्त्यावर धापा टाकत चढत होते आणि मोठ्याने हसत होते. येणारे-जाणारे बघत होते. बघू देत. प्रत्येक वळणावर वाटायचं, इथे त्या थांबलेल्या दिसतील. नाही दिसल्या. अर्ध्या तासाने वरच्या नाक्यापाशी पोचले, तर वन्सं स्कूटरला टेकून हेल्मेट काखेत धरून उभ्या होत्या. लाल चेहरा, विस्कटलेले केस.

"इतका वेळ लागतो होय?" त्या म्हणाल्या, आणि मग आम्ही दोघी शाळकरी पोरींसारख्या एकमेकींना धरून नाचलो. आक्का म्हणाल्या, "दही घुसळू नगासा, चला जेवायला."

लेकीच्या गाडीवर झुणका, बाजरीची भाकरी, खर्डा आणि ते दही. मटणावरचा बदला वन्सं साफ विसरल्या. जेवून आम्ही सज्जा कोठीच्या बाजूला तटावर बसलो. खाली उसाचे हिरवे तुकडे पसरलेले. तिथे वन्संनी सांगितलं.

"तेविसाव्या वर्षी मला कोल्हापूरला नोकरी लागली होती. शाळेत. ऑर्डर हातात आली होती. वडील म्हणाले, एकटी मुलगी परगावी कशी राहणार? मग मी पुण्यातलीच कारकुनी धरली."

हे अजयलाही माहीत नसावं.

"वाईट वाटत नाही गं आता. फक्त एकदा बघायचं होतं, मी इथे कशी दिसले असते."

उतरताना मी मागे बसले. डोळे मिटून, पण बसले.

सोमवार

सव्वीस जानेवारीला कोल्हापुरात असाल तर सकाळी आठच्या आत रस्त्यावर उतरा. झेंडावंदन करून अख्खं शहर जिलेबी घ्यायला निघतं. चौकाचौकांत मांडव, कढया, खिशाला तिरंगा लावलेली मुलं आणि किलोकिलोचे पुडे. आम्ही अर्धा किलो घेतली आणि दुकानाच्या पायरीवरच पाव किलो संपवली.

तेवढ्यात एक जोडपं गाडी थांबवून वन्संना विचारू लागलं, "ताई, रंकाळ्याला कसं जायचं?" इतक्या गर्दीत नेमकं त्यांनाच. वन्संनी पाकातली बोटं वर केली आणि अस्सल कोल्हापुरी सुरात सांगितलं, "सरळ जावा की! म्होरं कुनालाबी इचारा."

गाडी निघून गेली. वन्सं ताठ मानेने उभ्या होत्या, नव्या चपला करकरत होत्या, ओठाला केशरी पाक. मी त्यांच्याकडे बघत राहिले. छान दिसत होत्या.

घरी

संध्याकाळी पुण्यात पोचलो. अजयला स्कूटरचं सांगायचं की नाही, हे मी वन्संवर सोडलं होतं. त्यांनी स्टँडवरूनच त्याला नाक्यावरचा, स्कूटरला टेकलेला फोटो पाठवून दिला. त्याचं उत्तर आलं: 'ही कोण??' त्यावर आम्ही रिक्षात इतक्या हसलो, की रिक्षावाल्याने आरसा आमच्याकडे फिरवला.

कोल्हापूरला दोन दिवस पुरतात असं लोक सांगतात. आम्हाला तीन कमी पडले. नवा राजवाडा राहिला, जोतिबा राहिला, रंकाळ्यावर भेळ खायची राहिली. गुऱ्हाळातून आणलेला गूळ संपत आला, वन्संना चपला अजून टाचेला लागतात.

बुधवारी दुपारी वन्संचा फोन आला. सवयीने आधी मनात आलं, कोण आजारी?

"काही काम नाही गं. सहजच केला."

पाऊण तास बोललो. कशावर, ते आठवत नाही. फोन ठेवला तेव्हा अजय दारात उभा होता. "एवढा वेळ कुणाचा फोन? सगळं ठीक आहे ना?"

"ठीक आहे," मी म्हटलं. "मैत्रिणीचा होता."