नाना गार्डांनी झाशी का सोडली

नाना गार्ड कुणाच्याही घरी गेले की आधी खुर्ची दाराकडे फिरवायचे आणि मगच बसायचे. बत्तीस वर्षं मालगाडीच्या शेवटच्या डब्यात काढलेली, त्यामुळे मागे सरत जाणारं जग बघायची सवय जडलेली. "गार्डाला गाव सुटल्यावरच नीट दिसतं भैया," असं म्हणायचे. आम्ही हसायचो. बड़ा बाज़ारच्या मागच्या आमच्या गल्लीत मराठी घरं मोजून सात, त्यातलं नानांचं आणि माझं समोरासमोर.

याच नानांनी वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी सकाळी नळावर पाणी भरता भरता सांगितलं, की आपण जर्मनीला चाललो, कायमचे. माझ्या हातातली बादली तशीच राहिली. झाशीवर या माणसाचं प्रेम असं, की मऊरानीपुरला लग्नाला गेले तरी संध्याकाळच्या गाडीने परत. मुलगा विश्वास जर्मनीत इंजिनिअर, दहा वर्षं बोलवत होता. नानांचं उत्तर ठरलेलं: "तिथे शेजारी मेला तर आठ दिवसांनी कळतं. इथे मला नुसता ठसका लागला तरी चार खिडक्या उघडतात. कोणता देश चांगला, तूच सांग."

आणि ते खोटं नव्हतं. शालूवहिनींच्या, म्हणजे नानांच्या पत्नीच्या, छातीत दुखू लागलं तेव्हा डॉक्टर तपासून 'पडून राहायचं' असं बजावून गेले आणि तासाभरात अख्खी गल्ली त्यांच्या घरात लोटली. मीही होतो. पाय ठेवायला जागा नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी गेल्या. तेराव्याला नानांनी सगळ्यांपुढे हात जोडले, "आप लोगों ने बहुत साथ दिया." आमची मान ताठ झाली. आपल्या गल्लीसारखी गल्ली नाही, असं मलाही मनापासून वाटलं.

त्यानंतर एकटेपणा सोसेना म्हणून नाना सहा महिने विश्वासकडे राहून आले, आणि आल्यावर हे! गल्लीत एकच कल्लोळ. म्हाताऱ्याला तिकडच्या लोण्याची चटक लागली, असंही कुणी म्हणालं. मी तर तणतणतच त्यांच्याकडे गेलो.

"नाना, एवढ्या माणसांनी तुमच्यासाठी केलं, ते विसरलात?"

"बैठ," नाना म्हणाले. "तिथे एक दिवस दुपारी मी घरात एकटा. छातीत कळ आली. विश्वासला ऑफिसात फोन केला, त्याने ॲम्ब्युलन्स पाठवली. दहा मिनिटांत एक मुलगी आणि एक उंच गडी पेट्या घेऊन दारात. आता घरी माणसं आली म्हटल्यावर मी काय केलं असेल?"

"काय?"

"चहा टाकला."

मला फस्सकन हसू आलं. मरणाच्या दारातही पाहुणचार सोडतील ते नाना कसले! पण नाना हसले नाहीत.

"त्या मुलीने शेगडी बंद केली. माझ्या हातातलं पातेलं काढून घेतलं. भाषा कळत नव्हती, पण रागावली होती एवढं कळलं. मला बसवलं, माझ्या चपलासुद्धा तिने काढल्या. विश्वास धावत आला तेव्हा त्याला तिने विचारलं, तुमच्याकडे आजारी माणूस चहा का करतो? त्याने मला विचारलं. मी काय सांगणार होतो?"

"रिवाज आहे म्हणायचं. त्यांना काय कळणार आपलं," मी म्हणालो.

"रिवाज!" नानांचा आवाज चिरकला. "त्या दिवशी मी शालूला तीनदा उठवलं. डॉक्टर पडून राहा म्हणून सांगून गेलेले. लोक येत होते आणि मी दारातून हाक देत होतो, 'अगं, चहा टाक.' तिसऱ्यांदा ती म्हणाली, 'आता होत नाही हो.' मी म्हटलं, 'माणसं काय म्हणतील? दोनच कप.' ती उठली. लोक तिच्या तब्येतीची चौकशी करायला आलेले, आणि चहा तीच करतेय. एकालाही काही वाटलं नाही. मला तरी कुठे वाटलं? वर्ष होत आलं होतं तिला जाऊन. एका परक्या पोरीने पातेलं हिसकावलं तेव्हा समजलं मी काय केलं ते."

माझी नजर आतल्या स्वयंपाकघराच्या दाराकडे गेली.

"तिथे सगळं गोड आहे असं नाही," नाना पुढे म्हणाले. "बोलायला माणूस नाही. जेवण घशाखाली उतरत नाही. थंडीने हाडं फुटतात. इथे हाकेसरशी वीस माणसं येतात, ते तिकडच्यांना सात जन्मांत जमायचं नाही. पण तिथे आजारी माणसाला आजारी राहू देतात. इथे तेवढंही मी तिला दिलं नाही. आता लोक दारात आले की मला तिची उठून आत जाणारी पावलं ऐकू येतात. आणि लोक तर येतच राहणार ना भैया?"

पुढच्या आठवड्यात नाना दिल्लीच्या गाडीत बसले. गल्लीने पुऱ्यांचे डबे दिले, हार घातले. दोन वर्षांनी ते तिथेच गेल्याचं विश्वासचं पत्र आलं.

एक गोष्ट मी नानांना सांगू शकलो नाही. त्या दिवशी ते बोलत असताना ओठांवर आली होती, पण धीर झाला नाही. तिसऱ्या खेपेच्या दोन कपांतला एक माझा होता. घोट घेतला आणि साखर कमी वाटली म्हणून मी आत हाक मारली, "वहिनी, थोडी साखर." त्या भिंतीचा आधार घेत घेत डबा घेऊन आल्या, दोन चमचे घातले आणि विचारलं, "आता बरोबर?" मी मान हलवली. 'बसा वहिनी' एवढंसुद्धा मला सुचलं नाही.