सुभेदारांचे लखलखीत कपलर

सुभेदार लालासाहेबांना गळती खपत नसे. मग ती नळाची असो, छपराची असो की पोराच्या नाकाची. अठ्ठावीस वर्षं पलटणीत काढलेला माणूस. घरातल्या चपला एका रेषेत लागत आणि म्हशीच्या दाव्यालासुद्धा ठरलेली गाठ असे. त्यांच्या पत्नी बनुबाई शेजारणींना सांगत, "सरकारनं ह्यास्नी पेन्शन दिली आन परेड माझ्या गळ्यात बांधली."

पेन्शन घेऊन सुभेदार कोरेगावजवळच्या आपल्या वाडीत आले तेव्हा पहिले काही महिने त्यांना कामच सापडेना. ऊस त्यांच्या हुकमाची वाट न पाहता वाढत होता आणि म्हशीला 'सावधान' कळत नव्हतं. मग गावानं श्रमदान करून देवळापासून चौकापर्यंत काँक्रीटचा रस्ता केला. रस्ता असा देखणा झाला की बाया त्यावर कुरडया वाळत घालायच्या गोष्टी करू लागल्या. आणि पहिल्याच आठवड्यात ज्ञानूच्या ट्रॅक्टरनं त्यावर तेलाची रांगोळी काढली.

ज्ञानू म्हणजे सुभेदारांचा शाळेतला सोबती, शेजारच्या रानाचा धनी. पण सुभेदारांनी नातं बघितलं नाही. ग्रामसभेत उभं राहून त्यांनी ठराव मांडला. ज्याच्या ट्रॅक्टरचं तेल रस्त्यावर सांडेल, त्यानं येत्या रविवारी सकाळी आठ वाजता, सुभेदारांच्या शिट्टीवर, गावासमोर अख्खा रस्ता सोडा घालून धुवायचा. आणि धुऊन झाला की तिथंच बसून, सुभेदारांच्या नजरेखाली, आपल्या ट्रॅक्टरचे कपलर घासून लख्ख करायचे. गावानं माना डोलावल्या. ठरावाला मान डोलवायला कुणाचं काय जातं!

कपलर म्हणजे ट्रॅक्टरचा तेलाचा पाइप आणि पलटी नांगराचा किंवा जॅकनं उचलल्या जाणाऱ्या ट्रॉलीचा पाइप जिथं खटकन एकमेकांत बसतात, तो सांधा. एक तुकडा आत शिरतो, दुसरा त्याला धरून ठेवतो. गळायचं झालं तर तेल बहुतेक तिथूनच गळतं. सुभेदारांचं याबाबतचं शास्त्र फार सोपं होतं. घाण असते म्हणून गळतं, तेव्हा घासा. पलटणीत पितळी बक्कल घासून घासून त्यांनी अनेक जवान घडवले होते; कपलर कोण लागून गेला? सोबत काचपेपर, पॉलिशची डबी आणि मऊ फडकं असा सगळा सरंजाम ते स्वतः पुरवत. आत शिरणाऱ्या तुकड्याच्या तोंडात आपली मिशी दिसेपर्यंत ते माणसाला उठू देत नसत.

वर्षभरात सहा जणांनी रस्ता धुतला. त्यातही चौकातल्या बाळासोनं दोनदा आणि ज्ञानूनं चारदा. ज्ञानूचा ट्रॅक्टर काही सुधारायला तयार नव्हता. धुतला, घासला, की पंधरा दिवसांत पुन्हा टिपटिप सुरू. सुभेदार म्हणत, "ज्ञानू, तुझ्या हातातच आळस हाय रं. जोर लावून घास." ज्ञानू मान खाली घालून जोर लावी.

आणि मग ऐन उसाच्या हंगामात नको ते झालं. सुभेदारांचा स्वतःचा ट्रॅक्टर गळू लागला.

पहिल्या दिवशी त्यांनी ते तेल नव्हेच असं ठरवलं. दुसऱ्या दिवशी म्हशीवर संशय घेतला. तिसऱ्या दिवशी मात्र रंगाची एक रिकामी डबी तारेनं कपलरखाली टांगली आणि तिच्यावर गोणपाटाचा तुकडा गुंडाळला. बाळासोनं विचारलंच, "आवं सुभेदार, ह्ये काय नवीन?"

"थंडाव्यासाठी," सुभेदार म्हणाले. "पाइप तापू नये म्हणून. सैन्यात असंच असतंय."

बाळासोनं गंभीरपणे मान हलवली आणि आपणही एखादी डबी टांगावी का, असं विचारलं. सुभेदार म्हणाले, सध्या नको.

इलाज म्हणून त्यांनी नवे कपलर घ्यायचं ठरवलं. त्यांची खरेदी बघण्यासारखी असे. साताऱ्याच्या दुकानात उभं राहून ते दहा-दहा कपलर मागवत. प्रत्येक जोडी कानापाशी धरून खटका ऐकत, तळहातावर वजन घेत, आणि मग दुकानदाराचंच वर्तमानपत्र पसरून त्यावर तेल भरलेली जोडी तासभर ठेवून थेंब पडतो का बघत बसत. तेवढ्यात दुकानदाराचा पेपर वाचायचा राहून जाई तो जाईच. इतकं करून आणलेली जोडी ते रोज सकाळी मनापासून घासत आणि महिना भरायच्या आत ती गळू लागे. तीन दुकानांतून तीन जोड्या झाल्या, तीन दुकानदारांशी भांडणं झाली. साताऱ्यात आता कपलर घ्यायला दुकानच उरलं नाही.

अशात एका गुरुवारी ज्ञानूचा ट्रॅक्टर पाचव्यांदा सापडला. म्हणजे रविवारी धुणं आलं. आणि धुण्याचं पाणी पिंपांत भरून यायचं ते सुभेदारांच्याच ट्रॉलीतून. सगळं गाव त्या ट्रॉलीभोवती उभं राहणार. डबी आता दोन तासांत भरून वाहत होती. सुभेदारांच्या डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं: आपण गावासमोर उकिडवे बसून रस्ता घासतोय आणि बाळासो हसतोय. अठ्ठावीस वर्षांत त्यांनी कुणापुढं मान खाली घातली नव्हती.

गावातले बाकीचे लोक कपलर सांगलीहून मागवत. बाळासोच्या जावयानं विश्रामबागेतलं एक दुकान सांगितलं होतं. फोन केला की एसटीच्या पार्सलनं माल येई, आणि गळका निघाला की तसाच परत जाई. सुभेदारांनी शुक्रवारी सकाळी आपली गळकी जोडी धुतलेल्या टॉवेलात गुंडाळली, बनुबाईंना "डोळे तपासून येतो" असं सांगितलं आणि सांगलीची एसटी धरली.

दुकानात एक तिशीची मुलगी हिशोबाला नव्हे, तर चक्क पाइप कापायला बसली होती.

"मालक कुठं हायत?"

"मीच. ब्राह्मी. सन्मती पाटलांची मुलगी. बसा काका."

सुभेदार बसले नाहीत. त्यांनी कपलर मागवले आणि आपली परीक्षा सुरू केली. खटका ऐकला. वजन घेतलं. वर्तमानपत्र मागितलं. ब्राह्मीनं ते मुकाट्यानं दिलं, चहा सांगितला, आणि गालातल्या गालात हसत विचारलं, "काका, कोरेगावाकडचे काय तुम्ही?"

"तुला कसं कळलं?"

तिनं टॉवेलातल्या जोडीकडं बोट दाखवलं, मग खालचा खण ओढला. आत दहा-पंधरा जुने कपलर होते. सगळे आरशासारखे चकचकीत. "हे सगळे तुमच्याच गावचे. तक्रार करून परत पाठवलेले. असले कपलर मी जन्मात बघितले नव्हते ओ. बाबा म्हणाले, तिकडं दसऱ्याला शस्त्रांबरोबर पूजेला मांडत असतील."

सुभेदारांची छाती फुगली. "म्या शिकवलंय समद्यास्नी. काचपेपरनं घासायचं. मंग पॉलिश. रोज."

ब्राह्मीचा हात कपाळाला गेला. ती हसू की रडू अशा चेहऱ्यानं उठली. तिनं एक नवा तुकडा घेतला, त्याच्या तोंडावर रबराची बारीक कडी चढवली. कडी घट्ट बसली. मग तीच कडी सुभेदारांच्या लखलखीत तुकड्यावर चढवली आणि तुकडा उलटा केला. कडी सरळ टेबलावर पडली.

"तेल अडवते ती ही कडी," ती म्हणाली. "ती या लोखंडाला आवळून धरते. तुम्ही रोज घासताय म्हणजे रोज केसभर लोखंड काढताय. मग कडीनं धरायचं कशाला? तुमची खरेदी चांगली होती काका. साताऱ्याचे दुकानदारही चांगले होते. दोन्ही तुकडे एकाच कंपनीचे घ्या, काढले की तोंडाला टोपण लावा, आणि जोडण्याआधी स्वच्छ फडक्यानं नुसतं पुसा. बास."

"नुस्तं पुसायचं?"

"नुसतं पुसायचं. मी तर प्रत्येक पार्सलात चिठ्ठी घालते, 'घासू नका' म्हणून. पण चिठ्ठ्या वाचतंय कोण?"

"आमच्याकडं कुणी वाचत न्हाई," सुभेदार घाईघाईनं म्हणाले. तेवढाच त्यांना आधार वाटला.

परतीच्या एसटीत त्यांनी मांडीवर नवी जोडी घेतली होती आणि डोक्यात सहा माणसं. ज्ञानू, बाळासो, सगळी. ज्यांनी रस्ता धुतला त्यांचे ट्रॅक्टर कपलर घासल्यानंतरच जास्त गळू लागले होते. रोगही आपलाच आणि शिक्षाही आपलीच. 'लोका सांगे ब्रह्मज्ञान' म्हणतात, पण इथं ब्रह्मज्ञानच गळकं निघालं होतं. कऱ्हाड येईपर्यंत त्यांना लाज वाटली. कऱ्हाड सोडल्यावर मात्र त्यांनी विचार केला की कुणाला काही माहीत नाही. जोडी बदलायची, डबी फेकायची, आणि काचपेपर संपला म्हणून घासणं हळूच बंद करायचं. योजना चोख होती.

रविवारी आठ वाजता सुभेदारांची ट्रॉली चौकात येऊन उभी राहिली. बाळासो खाली वाकून बघून आला आणि मोठ्यानं म्हणाला, "एक थेंब न्हाई, सुभेदार!" लोकांनी कौतुकानं माना हलवल्या. ज्ञानू खराटा आणि सोड्याची पिशवी घेऊन तयार होता. सुभेदारांनी शिट्टी तोंडाला लावली. ज्ञानूनं कमरेवर हात ठेवला, दात आवळले आणि हळूहळू खाली वाकू लागला. पहिल्या धुण्याला तो असा वाकत नव्हता.

सुभेदारांना ते बघवेना. शिट्टी वाजलीच नाही. ते पुढं झाले, ज्ञानूच्या हातातला खराटा त्यांनी काढून घेतला आणि साहेबासमोर उभं राहावं तसे गावासमोर ताठ उभे राहिले.

"माझा ट्रॅक्टर दोन म्हैने गळत हुता. ती डबी थंडाव्यासाठी नव्हती. आन तुमच्या समद्यांचे कपलर म्या घासायला लावून बिघडवले. चूक माझी हाय. रस्ता म्या धुणार."

सुभेदारांना वाटलं होतं की हसतील, ओरडतील. पण कुणी चकितसुद्धा झालं नाही. बाळासोला एकाएकी खोकला आला. दोघं-तिघं आपल्या पायांकडं बघत राहिले.

"आमास्नी ठावं हाय," ज्ञानू हळूच म्हणाला.

"काय ठावं हाय?"

"समदंच. सांगलीच्या पोरीची चिठ्ठी दिवाळीच्या आदी आली हुती. म्या वाचली, बाळासोनं वाचली. समद्यांनी वाचली."

"आन तरी घासत बसला? रस्ता धूत बसला? गाढवांनो, एकानं तरी तोंड उघडायचं हुतं!"

ज्ञानू डोकं खाजवू लागला. "कसं उघडायचं? तुमी पेन्शनीत आला तवा भिताडाकडं तोंड करून बसायचा. जेवायचा न्हाई, बोलायचा न्हाई. वैनी आमच्यात येऊन रडायची. मंग ह्यो रस्ता झाला, आन एक दिस सकाळी शिट्टी ऐकू आली. त्या दिशी वैनी आळीभर साखर वाटत फिरली." तो थांबला. "म्हटलं, रस्ता धुतला तर धुतला. आपलाच हाय."

सुभेदारांनी गर्दीत बनुबाईंना शोधलं. त्यांनी पदर पुढं ओढला होता आणि त्या देवळाच्या कळसाकडं बघत होत्या. मग सुभेदारांनी पिंपाची तोटी सोडली, रस्त्यावर सोडा टाकला आणि देवळाच्या पायरीपासून सुरुवात केली. ज्ञानू दुसरा खराटा घेऊन आला तेव्हा ते त्याच्यावर खेकसले, "मागं व्हय! शिक्षा माझी हाय."

ज्ञानू मागं झाला. मग तो त्यांच्या बाजूबाजूनं चालू लागला. अर्ध्या रस्त्यावर तो थांबला.

"सुभेदार, हितं ऱ्हायलं बगा."

"कुठं?"

"हितं. ह्या कडंला."

सुभेदारांनी वाकून पाहिलं. तिथं काहीच नव्हतं. काँक्रीट स्वच्छ होतं, आणि ते ज्ञानूलाही दिसत होतं. सुभेदारांनी ती जागा घासली.

"आता?"

"आजून वाईच," ज्ञानू म्हणाला.

सुभेदार "व्हय" म्हणाले आणि तीच जागा पुन्हा घासू लागले.