उजवीकडची खुर्ची

माझ्या सासूबाई, सुमती, साठी उलटल्यावर गाडी चालवायला शिकल्या त्या नातीला शाळेत सोडायला नाही, की अडीअडचणीला उपयोगी पडावं म्हणूनही नाही. त्यांना रमी खेळायला जायचं होतं. इथे न्यूझीलंडात, हॅमिल्टनच्या दुसऱ्या टोकाला राजश्रीताईंकडे दर बुधवारी दुपारी डाव बसायचा, आणि आमच्या रोटोटुनाहून तिथे पोचायचं म्हणजे कुणाच्या तरी हातापाया पडणं आलं. मी आणि माझा नवरा प्रमोद ऑफिसात. उरले सासरे. बाबांकडे लायसन्स होतं, गाडी होती आणि वेळ तर रग्गड होता. पण बुधवार उजाडला की त्यांची कंबर धरायची. गुरुवारी सुटायची.

"उगाच कुणाला भारी कारणं सांगत बसू नकोस, मृणाल," आईंनी मला बजावलं. "पत्ते म्हणजे पत्ते."

शिकवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. पिवळी एलची पाटी लावून आम्ही संध्याकाळी निघायचो. खरं सांगते, बाईचा हात स्थिर, नजर तेज, आणि पार्किंग तर असं की प्रमोदने बघून शिकावं. घोडं अडायचं ते राउंडअबाउटवर, मधल्या गोलाला वळसा घालून जायच्या चौकात. आणि हॅमिल्टनमध्ये एक राउंडअबाउट संपलं की दुसरं सुरू होतं.

नियम सोपा आहे. उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्या. उजवीकडे कुणी नसेल तर निघा. आईंनी यातला पहिला भाग तेवढा मनावर घेतला होता. त्या उजवीकडच्याला थांबायच्या, डावीकडच्याला थांबायच्या, समोरच्याला थांबायच्या. कुत्रा घेऊन फुटपाथवर नुसती उभी असलेली एक बाई, जिला रस्ता ओलांडायचाच नव्हता, तिलाही त्यांनी हात करून "या, या" म्हटलं. मागच्याने हॉर्न दिला तर खिडकीतून त्यालाच पुढे जायची खूण करायच्या, हळदीकुंकवाला दारात पाहुणी आल्यासारखी.

२०१२च्या फेब्रुवारीत परीक्षा झाली. परीक्षा घेणारी बाई माओरी होती, हसतमुख होती, "किया ओरा, सुमती" असा तिच्या भाषेत नमस्कार करून गाडीत बसली. परत आली तेव्हाही हसतच होती, पण आई नापास झाल्या होत्या.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"म्हणाली, यू आर अ लव्हली लेडी, बट देअर वॉज नोबडी देअर." आईंनी पर्सचा बंद बोटाला गुंडाळला. मग म्हणाल्या, "कुणीच नव्हतं, तर मग मी थांबले होते तरी कुणासाठी गं?"

 उत्तर मला रात्री जेवताना सापडलं. आई तव्याशी उभ्या. पहिली पोळी बाबांना, मग प्रमोदला, मग माझ्या लेकीला, श्रियाला, मग मला, मग पुन्हा बाबांना. शेवटची, कडेला करपलेली, त्यांनी ओट्याशी उभ्या-उभ्या भाजीशी गुंडाळून खाल्ली. लग्न झाल्यापासून ही बाई थांबलीच होती. तिला राउंडअबाउटवर एकदम निघायचं कसं सुचणार? माझं डोकं असं सणकलं की वरणाचा डाव मी पातेल्यात आपटलाच.

पुढच्याच महिन्यात, मार्चमध्ये, एका रविवारी पहाटे सगळ्या न्यूझीलंडने वळताना कोण आधी आणि कोण नंतर हा नियम बदलून टाकला. अख्खा देश एका पहाटेत बदलतो, तर आमचं डायनिंग टेबल काय चीज? तेही गोलच होतं. मी जाहीर केलं: आईंचा सराव आता इथे. पोळ्या मी आणि प्रमोद करणार. तव्यावरून पोळी उतरली की उजवीकडच्याचं ताट बघायचं. ते रिकामं असेल तर पोळी त्याची. भरलेलं असेल तर वाट मोकळी, पोळी आपली. तरी दुसऱ्याला वाढली की नापास.

पहिल्या रात्री आई सात वेळा नापास झाल्या. हात आपोआप बाबांच्या ताटाकडे जायचा. नऊ वर्षांच्या श्रियाला आयुष्यात प्रथमच मोठ्यांना नापास करायला मिळत होतं. "आजी, यू फेल्ड अगेन!" असं ती टेबलावर चमचा वाजवून ओरडायची.

पण आईंचा हात आवरायला लागला तसे बाबा सावध झाले. एके दिवशी ते मुकाट्याने आईंच्या उजवीकडच्या खुर्चीत जाऊन बसले. आणि ज्या माणसाला डॉक्टरांनी सावकाश जेवा म्हणून सांगून हात टेकले होते, तो माणूस असा भराभर जेवायला लागला की त्याचं ताट कधी भरलेलं दिसेचना.

"बाबा, ही चीटिंग आहे," प्रमोद म्हणाला.

"कायदा मी केलेला नाही," बाबा म्हणाले आणि चौथी पोळी घेतली.

आईंनी स्वतःच्या कोऱ्या ताटाकडे पाहिलं. उठल्या. मला वाटलं, झालं, चालल्या पुन्हा तव्याकडे. पण त्यांनी एका हातात ताट घेतलं, दुसऱ्या हाताने खुर्ची ओढत बाबांच्या मागून वळसा घातला आणि श्रियाला म्हणाल्या, "सरक गं." बाबांच्या उजवीकडे खुर्ची टेकवून त्या बसल्या. आता त्यांच्या उजवीकडे श्रिया, जिच्या ताटात एक पोळी अर्धा तास टिकायची.

"अहो, थांबा. आता तुमच्या उजवीकडे मी," आई म्हणाल्या. बाबांचा हात हवेतच राहिला.

"स्वीट अ‍ॅज, आजी!" श्रिया किंचाळली. इथल्या पोरांच्या भाषेत, एकदम झक्कास.

मे महिन्यात आई पास झाल्या. पुढच्या बुधवारी मी धास्तीने रजा टाकून घरी राहिले. आई निघताना बाबा म्हणाले, "आणि माझा चहा?"

"दूध फ्रिजमध्ये आहे," आई म्हणाल्या.

आमच्या खिडकीतून कोपऱ्यावरचं राउंडअबाउट दिसतं. गाडी तिथे पोचली. थबकली. उजवीकडे कुणी नव्हतं.  आणि गाडी निघाली, सरळ, कुणालाही "या, या" न म्हणता. मला रडू आलं. राउंडअबाउटवरून गाडी गेली म्हणून रडणारी मी बहुधा पहिलीच.

डाव पाचला मोडायचा. सहा वाजले, सात वाजले. राजश्रीताईंकडून "येतीये" एवढा निरोप आला. प्रमोदच्या पोळ्या, ज्या कुठल्याच बाजूने गोल नव्हत्या, गार व्हायला लागल्या. बाबा दर थोड्या वेळाने खिडकीशी जाऊन येत होते. मग काय वाटलं कोण जाणे, त्यांनी स्वतः ताटं मांडली आणि आपल्या उजवीकडची खुर्ची फडक्याने पुसून ठेवली.

आई आल्या त्या बोटात किल्ली फिरवतच. "अगंबाई, अजून जेवला नाहीत?"

"तुझ्यासाठी थांबलो होतो," बाबा म्हणाले.

"माझ्यासाठी? मी तर राजश्रीकडे गरमगरम जेवून आले." आईंनी किल्ली खुंटीला लावली. "करा सुरू. उजवीकडे कुणी नाही."