पातं निवडायचा मान

बऱ्हाणपूरच्या लालबागेत, स्टेशनाच्या मागे, जंगलातून आलेले सागाचे ओंडके बैलगाड्यांवरून जिथे उतरत, तिथे उखर्डू आणि कौतिक ही आरा ओढणारी जोडी कामाला होती. इंग्रजी अमदानीतली गोष्ट. यंत्राची करवत त्या गावात अजून कोणी पाहिली नव्हती. ओंडका डोक्याइतक्या उंच लाकडी घोडीवर चढवायचा, एकाने त्यावर उभं राहायचं, दुसऱ्याने खाली, आणि दोघांनी मिळून तो उभ्या आऱ्याने चिरायचा. उखर्डू वरचा. गेरूच्या सुताने मारलेली रेघ सांभाळणं त्याचं काम. कौतिक खालचा. लाकूड कापलं जायचं ते त्याच्या ओढीने, आणि डोळ्यांत भुसा जायचा तोही त्याच्याच.

म्हणून या धंद्यात एक रीत होती. वरच्याने मजुरी ठरवावी, गिऱ्हाइकाशी गोड बोलावं. पण कोणत्या लाकडाला कोणतं पातं, यावर शेवटचा शब्द खालच्याचा. कौतिक हा मान सावकाश घ्यायचा. ओंडक्याभोवती फिरायचा, तळहाताने थापटायचा, टोकाशी नाक नेऊन वास घ्यायचा. ओल्या सालईला मोठे, विरळ, चांगले फाकवलेले दात. वाळक्या सागाला बारीक, दाट, जेमतेम फाकवलेले. मग लांबी. पातं आखूड असलं तर भुसा बाहेर पडत नाही, फार लांब असलं तर खालच्याचं कंबरडं जातं. गिऱ्हाईक ताटकळत उभं, आणि याचं आपलं थापटणं चालूच.

"कौतिकभाऊ, नवरी पाहून राहिला का?" उखर्डू वरून टोमणा मारायचा.

"नवरीले तोंड तरी असते बापा. थे सांगते काय पायजे थे," कौतिक म्हणायचा आणि पुन्हा थापटायचा.

एका उन्हाळ्यात लाकडाचे व्यापारी दिगंबरशेट यांना तापीच्या उतारावर माणसं पलीकडे नेणाऱ्या नावेसाठी फळ्या पुरवायचं काम मिळालं. नदी भरायच्या आत नाव पाण्यात पडायला हवी होती. त्यासाठी काढलेला साग खकनारच्या जंगलातला, पडून पडून हाडासारखा वाळलेला, आणि घेराने असा की दोघांच्या कवेत मावू नये. नेमका तेव्हाच कौतिक तुकईथडला, लेकीकडे, नातवाच्या बारशाला गेलेला.

शेटजींनी मुंबईहून एक विलायती पातं मागवलं होतं. नेहमीच्या पात्यापेक्षा हातभर लांब, मोठ्या दातांचं, आरशासारखं लखलखणारं. ते उखर्डूच्या हातात देत शेटजी म्हणाले, "एवढ्या ओंडक्याला हेच पुरेल. का कौतिकला विचारल्याशिवाय तुझं पानही हलत नाही?"

शेटजी हसत हसत बोलले, पण उखर्डूला ते लागलं. त्याने ओंडक्याची जाडी मापली, जुनं पातं लावून बघितलं, ते कमी पडेलसं वाटलं. मग त्याने विलायती पात्याला मुठी बसवल्या, ओंडका घोडीवर चढवून घेतला, सूत मारलं. लांब पातं म्हणजे फेऱ्या कमी, कौतिकभाऊचेच श्रम वाचतील, अशी त्याने मनाची समजूत घातली. एकदा तरी आपल्या निवडीने लाकूड चिरलं जावं, हे दुसरं कारण त्याने स्वतःलाही सांगितलं नाही.

सरुबाईने, त्याच्या बायकोने, जेवताना म्हणून पाहिलं की भाऊजींना येऊ द्या, त्यांचं काम त्यांना करू द्या. उखर्डू म्हणाला, अक्कल काय एकट्या कौतिकलाच वाटली देवानं? आणि ताटावरून उठला.

दुसऱ्या दिवशी कौतिक आला. त्याने घोडीकडे पाहिलं, पात्याकडे पाहिलं.

"कोणं लावलं हे?"

"मी. टाइम नव्हता, भाऊ."

कौतिकने या खेपेला ओंडका थापटला नाही. नाही म्हणायची त्याला सोय उरली नव्हती. पातं चढल्यावर खालच्याने मागे सरणं म्हणजे जोडी मोडणं, हीही रीतच होती. त्याने डोक्याला फडकं गुंडाळलं आणि तो खाली जाऊन उभा राहिला.

कौतिक चणीने बुटका. पातं खाली आलं की मूठ त्याच्या नडगीला टेकायची, आणि दर ओढीला त्याला उकिडवं बसावं लागायचं. वर उभ्या उखर्डूला त्याचं फडकं तेवढं दिसायचं, खाली जाताना आणि वर येताना. विरळ दात वाळल्या लाकडात रुतायचे, उडायचे, पुन्हा रुतायचे. पहिली फळी कशीबशी निघाली. दुसरीच्या मध्यावर पातं अडकलं. ते सोडवायला कौतिक अंगाच्या भाराने लोंबकळला, आणि पातं एकाएकी सुटलं. तो उजवा खांदा धरून भुशात बसला. उखर्डू खाली उडी मारून आला तेव्हा कौतिक म्हणाला, "वर जाय, पातं काढून घे. नाही तं थे वाकून जाईन."

हाडवैद्याने खांदा बसवला, पण तो हात पुन्हा छातीच्या वर गेला नाही.

दोन दिवसांनी उखर्डू एकटाच त्या अर्धवट ओंडक्यापुढे उभा होता, तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. आधी कुऱ्हाडीने चारी बाजू तासून घेतल्या असत्या, तर तोच ओंडका जुन्या पात्यात बसला असता. त्याने न तासलेलं लाकूड मापलं होतं. कौतिकने पहिल्या थापेलाच सांगितलं असतं, आधी तास म्हणून.

कौतिक लेकीकडे राहायला गेला. दिवाळीनंतर उखर्डू गाडी जुंपून तुकईथडला गेला. वाटभर त्याने मनात ठरवलं होतं. भाऊ शिव्या देईल, त्या खायच्या. मग म्हणायचं, ओढू नको, बाजेवर बसून नुसतं पातं निवड. अर्धी मजुरी तुझीच.

कौतिक जावयाच्या ज्वारीत माळ्यावर बसून डाव्या हाताने गोफण फिरवत होता. उखर्डूला पाहून हसला. भाकरी, ठेचा, कांदा पुढे केला. ज्वारी, नातू, बैल, सगळ्यांचं बोलून झालं. शेवटी उखर्डूच म्हणाला, "भाऊ, मी तुले इचारायले पायजे होतं."

कौतिकने गोफणीत खडा घातला. "इचारलं असतं तरी मी तेच पातं सांगतलं असतं."

ते खोटं होतं. वाळक्या सागाला विरळ दात या माणसाने झोपेतही सांगितले नसते. उखर्डूला ते ठाऊक होतं, आणि उखर्डूला ठाऊक आहे हे कौतिकलाही. त्याने शिवी दिली असती, तर उखर्डूला पाय धरता आले असते, परत चल म्हणता आलं असतं. आता कौतिकच्या बोलण्याप्रमाणे चूकच झाली नव्हती. मग कौतिकचा मान त्याला परत कोणत्या तोंडाने द्यायचा? वाटभर जुळवलेलं बोलणं उखर्डूने गिळलं. "हो भाऊ," एवढंच म्हणाला, आणि उन्हं कलायच्या आत गाडी जुंपली.

पुढे चुडामण नावाचा गडी त्याच्या जोडीला खाली उभा राहू लागला. अंगाने दणकट, स्वभावाने गरीब. उखर्डू दर ओंडक्यापाशी सगळी पाती मांडून थांबायचा आणि त्याला विचारायचा, कोणतं लावू?

चुडामण म्हणायचा, "तुम्ही म्हणसान थे."