सोपान आणि शेवटची रांग

सोपान वाघमारे गेल्याचा फोन आला, तेव्हा मी चिखलीत वेल्डरशी वाद घालत होतो. फोन करणाऱ्यालाच दरडावलं, खोटं बोलू नकोस. बावीस वर्षं युनियनच्या दर निवडणुकीत मी सोपानला गाडला होता आणि दर वेळी तो उठून आला होता... कंपनी बंद होणार अशी कुजबुज होती. नोकऱ्या कशा वाचवायच्या, हे विचारायला त्याच संध्याकाळी मी त्याच्या घरी, संत तुकाराम नगरला जाणार होतो.

माझा आवाज असा, की चाकणला कंपनीच्या गेटवर घोषणा दिली तर आळंदीतले टाळ थांबायचे. सोपान विरोधी पॅनेलचा म्होरक्या, पण त्याचा आवाज शेजारच्यालाही पुरत नसे. त्याची एक खोड होती. करार सहीला आला की गेटवर एकेक कलम वाचायचा आणि शेवटच्या रांगेतल्या कुणालातरी उठवून विचारायचा, "काय कळलं, तुज्या शब्दांत सांग." सांगता आलं नाही, तर पुन्हा वाचायचा. मी त्याची नक्कल करून हशा पिकवायचो. म्हणायचो, याचं एक कलम संपेस्तोवर पोरं लग्नाला येतात.

मग एका वर्षी मी टाळ्यांच्या गजरात न वाचताच सही ठोकली. आतल्या एका कलमाने पेंट शॉपची सगळी माणसं परराज्यातल्या प्लांटला गेली. निम्म्यांनी नोकरी सोडली. मी कँटीनमागे तोंड लपवून बसलो होतो. सोपान चहा घेऊन आला. आता हा वचपा काढणार, म्हणून मी मान खाली घातली.

"भाऊ, त्ये कलम म्या वाचलं व्हतं," तो म्हणाला. "तुजी फजिती व्हावी म्हणून गप बसलो. दोघांनी मिळून घालवलं त्यास्नी."

कबुली द्यायची असते, हे मला त्या दिवशी कळलं. शेवटच्या रांगेला विचारायची त्याची पद्धतही मी उचलली आणि माझीच म्हणून गावभर मिरवली. त्याने कधी खोडून काढलं नाही.

तो जाऊन सहा आठवडे झाले. परवा प्लांट बंद होण्याची नोटीस लागली. गेटवर मी ती एकेक कलम करत वाचली. माझा आवाज कसाबसा पहिल्या रांगेपर्यंत गेला असेल. शेवटच्या रांगेतल्या, असेंब्ली लाइनवरच्या एका ताईंना उठवून विचारलं, काय कळलं?

"उद्यापासून येऊ नका, एवढंच ना?"

सगळ्यांनाच कळलं होतं. तरी मी ते कलम पुन्हा वाचलं...