साडेतीनशे ग्रॅम

त्या गल्लीत तिला नावाने कोणी हाक मारत नसे. खांद्याला झोळी, झोळीत लटकता काटा, कमरेला दोरीने बांधलेली वही, अशा थाटात ती दर गुरुवारी सकाळी दारात उभी राही आणि स्वयंपाकघरातल्या कचऱ्याची बादली मागे. म्हणून ती किलोताई. पहिल्यांदा कोणीतरी खोडसाळपणे म्हटलं, मग ते तिच्याही अंगवळणी पडलं. पुढेपुढे तीच दार वाजवून सांगू लागली, किलोताई आलेय.

त्याआधी पंधरा वर्षं ती वेष्टनांच्या कारखान्यात होती. बिस्किटांच्या, साबणांच्या, डाळींच्या प्लास्टिकच्या पिशव्या गरम पट्टीखाली चिकटवायच्या, दिवसाला चार हजार. उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं भाजून भाजून इतकी गुळगुळीत झाली होती की ठसा उठवायच्या यंत्रावर ती उमटतच नसत. कारखाना बंद पडला आणि वर्षभराने नगरपालिकेने तिला कचरा कमी करण्याच्या कामावर घेतलं. मावशी तेव्हा हसून हसून बेजार झाली होती. म्हणाली, पंधरा वर्षं पिशव्या चिकटवल्यास, आता त्याच वेचत फिर, हिशोब बरोबर झाला.

ही मावशी म्हणजे तिच्या आईची धाकटी बहीण. किलोताई सहा वर्षांची असताना आई गेली आणि मावशीने तिला शिलाई मशीनच्या शेजारी वाढवलं. मावशीला मूल नव्हतं, नवरा लवकर गेला होता, जीभ मात्र दोन माणसांची होती. त्याच गल्लीत, बेकरीच्या वर, दुसऱ्या मजल्यावर तिचं बिऱ्हाड.

कचरा कमी कसा करायचा हे नगरपालिकेने किलोताईला दोन दिवसांच्या शिबिरात शिकवलं. खरं तर तिथे बसून तिला जांभया येत होत्या, कारण हे सगळं तिने मावशीच्या घरात पाहिलेलं होतं. जुन्या पँटचा पाय कापून, एका टोकाला शिवून, धान्य आणायची पिशवी. काचेच्या बाटलीतलं दूध, रिकामी बाटली उद्या परत. शिळ्या पावाचा चुरा, देठांचं सूप, भाजी धुतलेलं पाणी खिडकीतल्या कुंड्यांना. मावशीने हे पृथ्वी वाचवायला केलं नव्हतं. वस्तू वाया गेली की तिला राग यायचा, बस.

नगरपालिकेची अट अशी, की वर्षाअखेर गल्लीतल्या चाळीस घरांची सरासरी आठवड्याला एक किलोच्या आत आली तर किलोताईला कायम करायचं, नाही आली तर दुसरी बाई बघायची. वरच्या खुर्चीत बसून अशा अटी सुचतात. खाली एकेका घरात दीड-दोन किलो निघत आणि बायका हिच्यावरच डाफरत, आमच्या बादलीत डोकावणारी तू कोण? म्हणून दुसरा नियम आला: उंबऱ्याच्या बाहेर उभं राहायचं, झाकण न काढता वजन करायचं, आकडा लिहायचा आणि पुढे जायचं. किलोताईने तो नियम इमानेइतबारे पाळला. मावशीच्या दारातही पाळला, आणि तिथेच सगळं चुकलं.

वर्षाच्या सुरुवातीला मावशीची बादली एक किलो आठशे भरली होती. एकट्या बाईच्या मानाने भरपूर, पण मावशी खाणारी बाई. भाज्या टोपलीने आणायची, चहा दिवसातून पाच वेळा. किलोताईने दारातच तिची खेचली, की माझी नोकरी घालवणार तू. मावशी म्हणाली, बघच आता.

मग बादली उतरत गेली. दीड किलो, सव्वा, एक. किलोताई इतर घरांत मावशीचा दाखला देऊ लागली, की सत्तरीच्या बाईला जमतं, तुम्हाला का नाही. आठशे, सहाशे, साडेचारशे. नगरपालिकेतल्या साहेबांनी वही पाहून पाठ थोपटली तेव्हा किलोताईच्या अंगावर मूठभर मांस चढलं. मावशीचा आवाज बसलाय हे तिला ऐकू येत होतं. मावशी म्हणाली सर्दी आहे, आणि तिने ते मानलं. पुढे अजून अकरा घरं असायची, नंतर दोन बस बदलून शहराच्या दुसऱ्या टोकाला स्वतःचं घर. आत येऊन बस जरा, असं मावशी पूर्वी म्हणायची. ते म्हणणं कधी थांबलं, हे किलोताईला आठवत नाही.

वाचणाऱ्याला कळलंच असेल, मला ते लपवायचंही नाही. मावशीच्या घशाखाली घास उतरत नव्हता. आधी पाव अडकू लागला, मग मऊ भाजी, मग चहाही टोचू लागला. शेवटी ती बाटलीतल्या दुधावर आली, आणि दुधामागे कचरा उरत नाही. ज्या घरात चूल पेटत नाही त्या घराची बादली हलकीच असणार. हे कळायला शिबिर लागत नाही, पण चाळीस घरांची सरासरी डोक्यात घेऊन फिरणाऱ्या माणसाला ते कळलं नाही खरं.

शेवटचे तीन आठवडे आकडा एकच होता. साडेतीनशे, साडेतीनशे, साडेतीनशे. किलोताईला त्या नेमकेपणाचं कौतुक वाटलं. शिंपीणच ती, मापात चुकायची नाही.

गल्लीची सरासरी नऊशे साठवर आली. साहेबांनी ठरवलं की सगळ्यात कमी कचरा करणाऱ्या स्वयंपाकघराचा फोटो काढायचा, खाली पाटी लावायची. बुधवारी सकाळी साहेब, फोटोवाला आणि किलोताई जिना चढून वर गेले. वर्षभरात पहिल्यांदाच किलोताई उंबरा ओलांडून आत आली.

ओटा चकचकीत होता. बरण्या ओळीने भरलेल्या. साहेब म्हणाले, याला म्हणतात घर. मावशी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसली होती, कपडे अंगाला नीट बसलेले, केस विंचरलेले, चेहरा जेमतेम मुठीएवढा. फोटोत बादली हवी म्हणून साहेबांनी स्वतः तिचं झाकण काढलं, आत वाकून पाहिलं आणि शिकवण्याच्या सुरात म्हणाले, "अंड्याची टरफलं अशी टाकायची नाहीत. कुस्करून कुंडीत घालायची."

"ती अंडी खात नाही," किलोताई म्हणाली. "अंडं खाल्लं की तिच्या अंगावर गांध्या उठतात."

बोलता बोलताच ती ओट्याकडे वळली. तिने बरणी उघडली. पिठात जाळी धरली होती. दुसरी उघडली, डाळीला भुंगे. चहाच्या डब्यातली पूड ओल धरून दगड झाली होती. शेगडीवर हात ठेवला तर धूळ बोटांना लागली. फोटोवाला विचारत होता, ताई, जरा बाजूला होता का. किलोताईने मावशीचा दंड धरला. तिची बोटं त्या दंडाभोवती फिरून एकमेकांना भेटली.

दवाखान्यात नर्सने मावशीचे कपडे उतरवून किलोताईच्या हातात दिले. घडी घालायला तिने ते उलटे केले आणि तशीच उभी राहिली. आतल्या बाजूने प्रत्येक शिवणीला समांतर दुसरी शिवण होती, तिच्या आत तिसरी, मग चौथी, पाचवी. अंग आटेल तसे मावशीने कपडे आत घेतले होते, म्हणजे ते लोंबू नयेत, म्हणजे दारात उभ्या असलेल्या माणसाला दिसू नये. शेवटची शिवण वाकडी गेली होती. उभ्या जन्मात मावशीची शिवण वाकडी गेली नव्हती.

डॉक्टरांनी तपासून बाहेर येऊन सांगितलं, अन्ननलिकेत गाठ आहे आणि ती फार पुढे गेली आहे. सहा महिने आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं. आता नळीने पोटात थोडंफार घालू, तेवढंच. मग आत येऊन खाटेशी उभे राहिले आणि कागद पुढे ओढत त्यांनी विचारलं, खाणं केव्हापासून कमी झालं? नातेवाइकांना हे सहसा सांगता येत नाही, साधारण सांगितलं तरी चालेल.

किलोताईला साधारण सांगायची गरज नव्हती. तिने कमरेची वही सोडली. मावशीचं पान काढलं आणि खाली मान घालून वाचायला सुरुवात केली, तारीख आणि वजन, तारीख आणि वजन. एक किलो आठशे. दीड किलो. डॉक्टर लिहून घेत होते. पुढचा प्रत्येक आकडा तिने कधीतरी साहेबांना अभिमानाने दाखवला होता, आता तोच तिच्या तोंडातून निघता निघत नव्हता.

"का लपवलंस?" तिने मध्येच मावशीला विचारलं.

मावशीने डोळे उघडले. आवाज जवळजवळ उरलाच नव्हता, किलोताईला कान तिच्या तोंडाशी न्यावा लागला. मावशी थांबत थांबत बोलली, की आधी वाटलं जाईल आपोआप. मग भीती वाटली. आणि तू काटा वर धरून आकडा वाचायचीस तेव्हा तुझा चेहरा असा काही व्हायचा, तो मोडवेना.

डॉक्टर पेन धरून थांबले होते. किलोताईने शेवटच्या ओळी वाचल्या. "साडेतीनशे. साडेतीनशे. साडेतीनशे."

मावशीने चादरीवरचा हात किंचित हलवला.

"ते धरू नकोस," ती म्हणाली. "ते खालच्या बेकरीवालीचं. कुंड्यांना पाहिजे असं सांगून मी मागून आणायची. काट्यावर बादली रिकामी लागली असती तर तू आत आली असतीस."

किलोताईने पेन मागून घेतलं. शेवटचे तिन्ही आकडे खोडले आणि त्यांच्या जागी एकेक शून्य लिहिलं. मग वही डॉक्टरांपुढे केली.