लाल फडक्यातला लेखक

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, मग सांगतो. भौतिकशास्त्रात डॉक्टरेट घेतलेला म्हातारा स्वतःच्या घरात एका लेखकापायी कसा फसला, ते!

आमच्या घरात एका विज्ञानकथाकाराला देवाच्या खालोखाल मान. माझे थोरले भाऊ, अण्णा, राजेश्वर गावी शेती करतात. पण पावसापेक्षा मंगळावरच्या हवेबद्दल जास्त बोलतात. लेकीचं नावही त्यांनी कादंबरीतल्या यानावरून ठेवलं! दसऱ्याला सगळे माझ्याकडे मैलूरला जमतात. त्या लेखकाची पुस्तकं लाल फडक्यात बांधून पाटावर पुजायची आणि मग अण्णांनी एक पान मोठ्यानं वाचायचं, ही आमची रीत.

मध्यंतरी मी ती पुस्तकं पुन्हा वाचली. अहो, मंगळावरचा माणूससुद्धा हेडमास्तरसारखा बोलतो! माझंच काही चुकत असेल म्हणून परत वाचली. मग गुपचूप ग्रंथालयाला देऊन टाकली.

दसरा आला आणि मला घाम फुटला. अण्णांना कळलं तर? या वयात त्यांचं मन मोडायचं? शेवटी उष्मागतिकीची माझी जुनी पुस्तकं फडक्यात बांधली. अण्णांच्या डोळ्यांचं नुकतंच ऑपरेशन झालेलं. म्हटलं, यंदा वाचन कसलं होतंय!

पूजा झाली. अण्णा मला, धाकट्या भावाला, म्हणाले, "तम्मा, मला दिसंना गेलंय. यंदा तू वाच."

"मी? कामून अण्णा, राहू द्या की!"

"रीत मोडायलास व्हय?"

पुस्तक उघडलं. समोर नुसती समीकरणं! काय करणार? डोळे पानावर ठेवले आणि दिली ठोकून. "मंगळावर संध्याकाळ झाली होती..." नायकाला यानातून उतरवलं. पुढं काही सुचेना, म्हणून त्याला भूक लावली. तरी पान संपेना, म्हणून नायिकेला मारून टाकलं. मग वादळ आणलं, आणि घाबरून नायिका ओरडली.

"ओ भावजी," वहिनींनी विचारलं, "ती मेली न्हवती का?"

"ते... ते विज्ञान आहे, वहिनी."

कसंबसं संपवलं. अण्णा डोळे पुसत होते. वाटलं, जिंकलो!

"तम्मा," ते हळूच म्हणाले, "राग येऊ देऊ नको. ह्यो माणूस मला लई मोठा वाटायचा. आज कळलं, निव्वळ भंकस लिहितोय!"

आता मी सुटकेचा निःश्वास सोडायचा की नाही? हेच तर मला हवं होतं! पण माझ्या तोंडून काय निघालं?

"भंकस? अण्णा, त्या भुकेत अख्ख्या मानवजातीचं एकटेपण आहे! ते कळायला वाचक तयारीचा लागतो!"

पुरणपोळ्या गार झाल्या तरी मी थांबलो नाही. त्या मेलेल्या नायिकेसाठी तर मी पाटावर मूठ आपटली!

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मग वहिनींकडं वळून कळवळ्यानं म्हणाले, "एवढा शिकला, पर बिचारा अजून त्याच लेखकात अडकून बसलाय बघ!"